अडीच चमचे पपई

नेर
११ सप्टेंबर २००५

प्रिय बाई,
सप्रेम जयभीम.

तुझ्या दोन पत्रांचं उत्तर राहिलं. त्याबद्दल आधी चार शिव्या देऊन घे, मग पुढचं वाच.

साधनाची बाळंतपणाची सुट्टी संपली. तिची शाळा दारव्ह्याकडे. पोरगी सकाळी सातच्या एसटीने जाते ते दिवेलागणीले परत येते. जावई रोशन वणीले कोळशाच्या ट्रकवर आहे, पंधरा दिवसांतून एकदा घर पाहतो. तवा आपली यशोधरा दिवसभर माझ्याजवळ. यशूले परवा सहा महिने झाले.

मी घरीच आहे. कापूस संकलन केंद्राचं फाटक यंदाही उघडेल असं वाटत नाही. तीस हंगाम कापसाची प्रत ठरवली. चिमटीत बोंडभर कापूस ओढला का धागा केवढा ते सांगत होतो. आता त्याच बोटांनी दुपटी पिळतो. शेजारपाजारचे हसतात. मलेही हसू येते कधीकधी.

कामाचं लिहितो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दुधासंगं वरचं सुरू करा, फळ मऊ करून द्या. साधनाची माय असती तर मी कोणाले विचारलं नसतं. पण तू माझी मोठी बहीण, तुझ्या हाताखालून मुकुटबनातली किती लेकरं गेली असतील. फळ किती मऊ करावं, किती पातळ, लेकरू कसं धरावं, सगळं बारीक लिहून पाठव. मले काहीच येत नाही असं समजून लिही, कारण ते खरंच आहे.

यशूचा फोटो ठेवला आहे. गाल तिच्या आजीवर गेले.

तुझा
नागो


मुकुटबन
२१ सप्टेंबर २००५

चि. नागोले जयभीम अन् आशीर्वाद.

शिव्या देऊन झाल्या. तुह्या भाऊजीनंही दोन दिल्या.

फोटो पाह्यला. लेकरू सुरेख हाये, पन मान लय बारीक दिसते. साधना शाळेत जाते तं दूध कमी पडत असन. काही भेव नाही, वरचं खायाले लागली का भरन.

आता आयक. केळं घेजो, सालीवर काळे ठिपके आलेलं. वाटी अन् चमचा उकळत्या पाण्यातून काढजो. केळं कुस्करून कुस्करून लोण्यासारखं करजो, गुठळी एक राहाले नाही पाह्यजे. साधना दूध काढून ठेवत असन तं तेच दोन चमचे घालून सैल करजो. लेकराले मांडीवर आडवं घे, डोकं तुह्या कोपरावर. बोटावर थोडं घेऊन जिभेवर ठेव. पयले थुंकन. थुंकू दे. त्याले नवीन हाये, त्याची काय चूक?

चार-पाच दिवस एकच फळ. मंग चिकू, मंग सफरचंद वाफवून. याच्यात न येन्यासारखं काहीच नाही. तू कापूस ओळखत होता तं केळं नाही ओळखनार का?

सत्यशीला


नेर
६ ऑक्टोबर २००५

प्रिय बाई,
जयभीम.

तू लिहिलं तसंच केलं. मांडीवर आडवी घेतली, बोटावर केळं घेतलं. पहिलं बोट तिने चाटलं. बाई, तिचे डोळे असे मोठे झाले का मले वाटलं, हिले जगात गोड म्हणून काही असते हे आत्ता कळलं! दुसरंही गेलं. तिसऱ्याले ठसका लागला. केळं नाकातून आलं अन् तोंड निळसर पडलं. मी उलटी धरून पाठ थोपटली तेव्हा श्वास परत आला. वाटी तशीच उचलून ठेवली.

सर्दी असेल म्हणून चार दिवस थांबलो. मग चिकू घेतला, धुवट मलमलीतून गाळून पाण्यासारखा पातळ केला. तोही नाकातून. संत्र्याचा रस दोन थेंब दिला, त्याने नाकात आग झाली असेल, अशी रडली की शेजारच्या भीमराजच्या घरून माणसं पाहायले आली.

साधनाले यातलं काही सांगितलं नाही. ती आली का विचारते, आज काय खाल्लं? मी सांगतो, खाल्लं चमचाभर.

अजून पातळ करावं का? का पिठी साखर घालून पाहू? तुझ्याकडे आणखी काही उपाय असला तर लवकर लिही.

नागो


मुकुटबन
१३ ऑक्टोबर २००५

नागो,

पत्र मिळाल्याबरोबर लिहून राह्यली.

पातळ करू नोको. साखर घालू नोको. आडवी तं घेऊच नोको. म्या लिहिलं ते सगळं सोडून दे.

सर्दीचं लेकरू नाकानं शेंबूड काढते, केळं काढत नाही. तू खरं सांग. उजेडात तिचं तोंड उघडून वरतं टाळू पाह्यली का? तिथं काय दिसते? मी काहून विचारते ते मंग सांगीन. पयले तू सांग.

सत्यशीला


नेर
२० ऑक्टोबर २००५

प्रिय बाई,

पाहायची गरज नाही. जन्मली त्या दिवसापासून मले माहीत आहे.

यशूच्या टाळूले फट आहे. ओठ धड, नाक धड, बाहेरून कोणाले काही दिसत नाही. तोंडात मात्र वरचं छत मधोमध उघडं. दूध ओढता येत नाही, म्हणून साधना काढून पळीने पाजते. एका पाजण्याले पाऊण तास. तिले नागपूरच्या दवाखान्यात शिकवलं. मी तेव्हा बाहेर बाकावर बसलो होतो. तिचे हात शिकले, माझे राहिले; दिवसा मी तिचं पाहून कसंबसं पाजतो, अर्धं सांडते. अन् फळ कसं द्यावं हे तर तिलेही नीट समजत नाही.

तुले का सांगितलं नाही? बारशाच्या आधी रोशनच्या घरच्या एका बाईने साधनाले तोंडावर विचारलं, ग्रहणात काय चिरलं होतंस? बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरात हा प्रश्न! पोरगी लेकराले घेऊन आत गेली. रात्री मले म्हणाली, बाबा, आता हे कोणालेच सांगायचं नाही, आत्यालेही नाही. मी शब्द दिला. तो आज मोडला.

डॉक्टर म्हणतात ऑपरेशन होते, टाळू शिवतात, लेकरू चांगलं खाते-बोलते. पण त्याआधी वजन साडेसात किलो पाहिजे अन् रक्त दहा. यशू पावणेपाच किलोची आहे. रक्त आठ. नुसत्या दुधाने ते व्हायचं नाही, म्हणून फळ, म्हणून तुले पत्र.

आता मी काय करू ते सांग.

नागो


मुकुटबन
३० ऑक्टोबर २००५

चि. नागो,

तुवा लपवलं म्हणून मले राग नाही. लपवन्यात तुही बहीन तुह्या पुढंच हाये.

माह्या पयल्या लेकराले पाहाले तू बाबासंगं बैलगाडीनं आलता, आठवते? तेरा वर्साचा होता. हातात झबलं होतं. तुमी पोचाच्या आंदी तो गेलता, एकोनीस दिवसाचा. सगळ्याइले सांगतलं, ताप आला. ताप नव्हता नागो.

दूध तोंडातून जाय अन् नाकातून ये. सुईनीनं बोट घालून पाह्यलं, म्हने, याले वरतं छप्पर नाही. हात धुऊन निघून गेली. सासू म्हने, कोनाले बोलू नोको, पुढच्या लेकराइवर बट्टा लागन. नाही बोलली. बेचाळीस वर्सं झाली. पुढं तीन लेकरं झाली, धडधाकट निंगाली, पन दरवेळी पयले मी त्याइच्या तोंडात बोट घातलं.

आता हे नीट वाच. सतराव्या दिवशी मी भिंतीले टेकून बसलती, गुडघे वर करून. लेकरू माह्या मांडीवर नव्हतं, गुडघ्याले पाठ टेकून बसतं केलेलं होतं, तोंड माह्याकडं. म्या चमचा समोरून नाही घातला. बाजूनं घातला, गालात. जिभेवर नाही, गालात. अन् थांबली. त्यानं गिळलं. नाकातून थेंब आला नाही. दुसरा दिला, तोही राह्यला. असे सात चमचे. मले वाटलं, आपल्याले जमलं. पन तोवर त्याच्यात काही उरलं नव्हतं.

हे मले सोळा दिवस आंदी समजलं असतं तं.

तुह्या लेकरात अजून जीव हाये. उभी धर. गालातून दे. एक चमचा गेल्यावर तिले श्वास घेऊ दे, मंग दुसरा. फळ पातळ नाही, घट्ट नाही, मधलं. ते मधलं कसं राह्यते ते मले माहीत नाही, माह्या लेकरानं दुधापुढं काही पाह्यलं नाही. ते तुवाच शोध.

साधनाले सांग, आत्यानं ग्रहण पाळलं होतं, चारही लेकराइच्या वेळी. घरातून पाय बाहेर काढला नव्हता. तरीही झालं.

सत्यशीला


नेर
२८ नोव्हेंबर २००५

प्रिय बाई,
जयभीम.

तुझं पत्र साधनाने वाचलं. वाचून झाल्यावर घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवलं, मले परत दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंना तिने स्वतःहून यशूचं सांगितलं.

आता फळाचं. अकरा दिवस मी रोज बिघडवत होतो. सफरचंद वाफवून गाळलं, ते पातळ झालं, नाकात गेलं. सीताफळाचे दाणे मलमलीवर घासले, ते रवाळ राहिलं, फटीत जाऊन बसलं, मग पाणी पाजून पाजून काढावं लागलं. घट्ट झालं का वर चिकटते, पातळ झालं का नाकात चढते. मधली प्रत सापडत नव्हती.

मग भीमराजच्या परसातली पपई आणली. झाडावर पिकलेली. बिया काढल्या, गर चमच्याने खरवडला अन् दोनदा मलमलीतून काढला. वाटीत चमचा बुडवून आडवा केला तर पडू नये, हलकं झटकलं तर एकसंध घसरून पडावं. चिमटीत घेऊन चोळून पाहिलं. बाई, तीस वर्षं या बोटांनी धागा पाहिला. एक रेष जरी खरखरीत राहिली तर कळते मले. त्या दिवशी काहीच खरखरलं नाही.

भिंतीले टेकून बसलो. गुडघे वर. यशू समोर. नाकाखाली पांढरा रुमाल धरला. चमचा गालात घातला अन् थांबलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या गळ्यावर एक बोट ठेवलं होतं. त्या करंगळीएवढ्या गळ्यात काहीतरी वर सरकलं अन् खाली गेलं.

रुमाल कोरडा.

मी हललो नाही. मले भीती वाटली का हललो तर ते परत येईल. मग तिनेच तोंड उघडलं. बाई, तिने मागितलं! दुसरा चमचा गेला. त्यानंतर अर्धा. मग तिने मान फिरवली, पोट भरलं म्हणून. आठ महिन्यांत पहिल्यांदा हे लेकरू रडून थकलं म्हणून नाही, पोट भरलं म्हणून थांबलं.

अडीच चमचे पपई. सकाळी पेपरात सगळं वाईटच वाचलं होतं. कोणत्या गावचं काय झालं, कापसाचं काय झालं. दुपारी मी माझ्या घरात बसून हे पाहिलं. माणूस कसा गिळतो हे मी पंचावन्न वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आपण रोज चार वेळा जेवतो अन् एकदाही नवल करत नाही.

साधना आली. तिच्यासमोर सांजेची वाटी केली अन् भरवलं. ती दप्तर खांद्यावरच ठेवून दारात उभी राहिली, शेवटपर्यंत.

नागो


मुकुटबन
९ डिसेंबर २००५

चि. नागो,

तुह्यं पत्र म्या एकदा मनात वाचलं. मंग तुह्या भाऊजीले मोठ्यानं वाचून दाखवलं. बेचाळीस वर्सांत आमी दोघं त्या लेकराबद्दल एकमेकासंगं बोललो नव्हतो. वाचून झालं तवा किसनराव म्हने, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मंग म्हने, तो आपला, त्याचं नाव आपन ठेवलं नव्हतं ना? म्या म्हटलं, नाही, बारशाच्या आंदीच गेला. म्हने, मले वाटे त्याचं नाव सिद्धार्थ ठेवू. मले हे माहीत नव्हतं नागो. एका घरात राहून माहीत नव्हतं.

वजन किती झालं ते लिहिजो. तुह्ये भाऊजी रोज पोस्टमनले विचारतात.

सत्यशीला


नेर
२ फेब्रुवारी २००६

प्रिय बाई,

चांगलं लिहायची वाट पाहत होतो म्हणून उशीर झाला. डिसेंबरअखेर यशू सहा किलो तीनशे होती. पपई, केळं, वाफवलेलं सफरचंद, भिजवून वाटलेला खजूर, सगळं खात होती. वाटी दिसली का पाय झाडायची.

मग खोकला लागला. छातीत उतरला. यवतमाळले दवाखान्यात अकरा दिवस होतो. सुया, वाफ, नाकाले नळी. पाच किलो नऊशेवर आली. डॉक्टर म्हणतात मार्चात ऑपरेशन होणार नाही, पुढे पाहू. आता चमचा पाहिला का ती तोंड मिटते. नळीची भीती बसली आहे तिले. मी फळ करतो, ती खात नाही, मी टाकून देतो, पुन्हा करतो.

साधनाने बिनपगारी सुट्टी घेतली. दोघं बापलेक एकमेकांकडे पाहत बसतो.

तुले काही सांगता आलं तर सांग. नाही तर नुसतं पत्र लिही.

नागो


नेर
१५ मे २००६

प्रिय बाई,
जयभीम.

तू पत्र लिहिलं नाही, गाठोडं घेऊन दारातच आलीस. तीन आठवडे राहिलीस, ते पुरलं. तू गेल्यावरही मी तुझ्यासारखंच करतो: वाटी तिच्यासमोर ठेवायची अन् आपणच खायचं, तिच्याकडे पाहायचंच नाही. आजोबा एकटाच खातो आहे हे तिले अजूनही सहन होत नाही. ओढून घेते.

मे महिन्याच्या तीन तारखेले वजन केलं. सात किलो सहाशे. रक्त दहाच्या वर दोन बिंदू. डॉक्टरांनी कागदावर सही केली तेव्हा साधनाने मले चिमटा काढला.

नऊ तारखेले नागपुरात ऑपरेशन झालं. सकाळी साडेआठले आत नेलं. रोशन वणीहून रात्रीचाच निघून आलता, कोळशाचे कपडे अंगावर तसेच. तो बाकावर बसलाच नाही, भिंत धरून उभा राहिला. सव्वाअकराले बाहेर आणलं. ओठ सुजलेले, दोन्ही कोपरांले पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधलेल्या, तोंडात हात घालू नये म्हणून. रडली, पण तो आवाज वेगळा होता. आधी तिचं रडणं नाकातून यायचं. हे तोंडातून आलं, खणखणीत. बाजूच्या खाटेवरच्या बाईने कान झाकले. साधना हसली, अन् मग रडली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून बॅटरीने मले दाखवलं. या, आजोबा, पाहा, म्हणाले. मी वाकलो. जिथं अंधार होता बाई, तिथं आता मांस आहे. गुलाबी. मधोमध टाक्यांची बारीक रांग. चौदा महिने आम्ही त्या अंधाराभोवती चमचा फिरवत होतो. आता तिथं छत आहे. मी डॉक्टरांचे पाय धरायले गेलो तर ते मागे सरकले. म्हणाले, टाके घालायचं काम दीड तासाचं. तिले इथपर्यंत आणलं कोणी? मी म्हटलं, मी अन् माझ्या बहिणीने. त्यांनी विचारलं, त्या डॉक्टर आहेत का? मी म्हटलं, नाही. 

आता महिनाभर सगळं पातळ द्यायचं, टाक्यांले चमचा लागू द्यायचा नाही. काल आंब्याचा रस दोनदा गाळून, पाणी घालून वाटीच्या काठाने पाजला. हाच पातळ रस मागच्या साली नाकातून आला असता. काल सगळा खाली गेला. मिशी मात्र आली.

नागो


मुकुटबन
१८ जून २००६

चि. नागो,

तुह्यं पत्र घरात सगळ्याइनं वाचलं. पन आज मी दुसऱ्याच कामासाठी लिहून राह्यली.

इथून चार किलोमीटरवर कोलामाइचं पोड हाये, त्या आदिवासीइची लहान वस्ती. तिथली सुखीबाई मंगळवारच्या बाजारात मले भेटते. या मंगळवारी आली नाही. दुसऱ्या बाईले विचारलं तं म्हने, तिच्या सुनेले लेकरू झालं, पन त्याले दूध लागत नाही, नाकातून येते, सोळा दिवस झाले, आता घरातले काही करत नाहीत. माह्या हातातली थैली खालीच पडली.

तशीच गेली. सून वीस वर्साची असन. लेकरू पोरगी. टाळू यशूसारखीच. सव्वादोन किलोची झालती, आता दोन हाये. म्या उभं धरून, दूध काढून, गालातून चमचा देऊन दाखवलं. तीन चमचे गेले. पन ती माय पाह्यना. माह्या हाताकडं पाह्यना. तिनं लेकराकडं पाहनं सोडलं हाये नागो. मले ते माहीत हाये, कसं सुटते ते. दुसऱ्या दिवशी गेली तं दूध काढलंच नव्हतं. सुखीबाईनं तिच्या बोलीतून माह्यासाठी मराठीत सांगतलं, ती विचारते, कायले त्रास देता, असलं लेकरू जगते का?

म्या हो म्हटलं. पन माह्याजवळ दाखवाले काय हाये? माह्यं तं गेलं.

तू ये. यशूले घेऊन ये. साधनाले विचारून, ती हो म्हणन तं.

सत्यशीला


नेर
२३ जून २००६

बाई,

कार्डावरच लिहितो, लवकर पोचेल. साधना म्हणाली, बाबा, विचारता कायले? तिलेही यायचं होतं पण शाळा सुरू होते. गुरुवारी पहिल्या गाडीने निघतो, यवतमाळले अन् वणीले बदलून दुपारी पोचतो. संगं मलमल अन् पळी घेतो. यशूच्या कोपराच्या पट्ट्या निघाल्या. काल ती बा म्हणाली. स्पष्ट.

नागो


मुकुटबन
२३ जुलै २००६

चि. नागोले जयभीम, साधनाले अन् यशूले गोड पापा.

तू परत गेला त्याले तीन हप्ते झाले. तुले वाटलं असन, आपलं जानं वाया गेलं. मलेही तसंच वाटलं होतं. तू यशूले मांडीवर घेऊन आंबा भरवला, तोंड उघडून दाखवलं, अन् ती पोरगी खांबाले टेकून बसली ते बसलीच. गाडीत बसतानी तू म्हटलं, बाई, तिनं पाह्यलंच नाही.

तिनं पाह्यलं होतं नागो. तिनं सुखीबाईले मंग सांगतलं. ती यशूच्या तोंडाकडं पाहतच नव्हती, नाकाकडं पाहत होती. पूर्न आंबा खाऊन होईपर्यंत, आता येईन, मंग येईन म्हणून. आलं नाही. तुमी फाटकाबाहेर गेले अन् तिनं लेकरू उचललं, गुडघ्यावर उभं धरलं, अन् सुखीबाईले म्हने, वाटी दे.

तवापासून तीच करते. मी एक दिवसाआड जाते, पन माह्या हाताले काम उरलं नाही. दर दीड तासाले दूध. एका वेळी अर्धा-पाऊन तास. झोपते कवा कोन जाने. अंगनवाडीत काट्यावर घातलं तं दोन किलो आठशे भरली. अंगनवाडीतल्या बाईनं काटा दोनदा पाह्यला. नागपूरच्या दवाखान्याचा पत्ता तुवा लिहून देल्ला तो सुखीबाईनं छपराच्या बल्लीत खोचून ठेवला हाये, लेकरू तीन महिन्याचं झालं का तिथं न्याचं हाये.

आज सकाळी मी भाकरी थापत होती तं ओट्यावर आवाज आला. पाह्यलं तं तीच. चार किलोमीटर चिखलातून एकटी चालत आली, लेकरू छातीशी उभं बांधलेलं, वरतं पळसाच्या पानाची छत्री. म्या घाबरून विचारलं, काय झालं, लेकरू बरं हाये ना? ती मान हलवे. तिच्या-माह्या बोलीत चार शब्द सारखे. बोटानं लेकराचं तोंड दाखवे, मंग हाताची सहा बोटं दाखवे, मंग खायाची खूण करे. मले लय वेळ समजलं नाही. तुह्ये भाऊजी बाजेवर बसून पाहत होते, त्याइले समजलं. म्हने, सत्यशीला, ती विचारते, सहा महिने झाले का लेकराले पयलं फळ कोनतं द्याचं?

म्या बोटावर महिने मोजले. डिसेंबर येते. मी पुन्हा पुन्हा मोजत राह्यली. ते तिले वाटलं, मले फळ आठवत नाही. तं ओट्यावर बसूनच राह्यली हाये, पाय पसरून, लेकराले पाजत. उत्तर घेतल्याबिगर जानार नाही असं दिसते. चहा देल्ला, तो पेली.

म्या तिले सांगतलं, माह्या भावाले विचारते, त्याले प्रत समजते. तं आता तूच सांग. डिसेंबरात या भागात काय काय पिकते, अन् त्याच्यात सगळ्यात मऊ अन् सगळ्यात गोड कोनतं, ते पत्र मिळाल्याबरोबर लिहून धाडजो.

सत्यशीला